गुरुवारची पौर्णिमा

जिनमध्ये चुकारा शुक्रवारी होतो,
बाजाराच्या दिवशी, चार वाजता.
दिवाणजी रुईच्या गाठीवर वही ठेवून नाव पुकारतो
आणि आम्ही केसांतली रुई झटकत ओळीनं उभ्या.
सहा दिवसांचे एकवीसशे.
खाडा असला तर साडेतीनशेनं कमी.

झिबलाबाई तेलरांध्यांची खोली मात्र
पुनवेवर चालते.
एक तारीख नाही, पाच तारीख नाही.
खोली घेतली तेव्हाच सांगितलं तिनं,
सपरीत तूर निवडता निवडता:
"क्यालेंडर फाटते बाई, चंद्र फाटत नाही.
पुनवेले बाराशे. लाइटचे अलग."

मला वाटलं, बरंच आहे,
पुनवेला आम्ही विहारात वंदनेला जातोच,
लक्षात राहील.

लक्षात न राहायला काय झालं!
अडचण दीड दिवसाची आहे.
चार आठवड्यांचे दिवस अठ्ठावीस,
पुनव येते साडेएकोणतीसला,
म्हणजे दर खेपेला ती बाजारापासून दीड दिवस लांब घसरते.
शुक्रवारी रात्री उगवली तर मीच राणी.
शनिवारीही अंगणात ताठ मानेनं जाते.
सोमवारपर्यंत किराणावाल्याची वही बोलून गेलेली असते,
आणि गुरुवारी
गंजात नुसतं चून, त्यात सांबारही नाही.

दर चुकाऱ्याला तीनशे बाजूला काढ, म्हणतात शिकलेली माणसं.
काढते की. डब्यात ठेवते.
डब्यालाही गुरुवार येतो.

श्रावस्ती आठवीत आहे.
तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
बारा पुनवा म्हणजे तीनशे चौपन्न दिवस.
वर्षाला अकरा दिवस आधीच संपतात.
"आई, तीन वर्षांत एक अख्खं भाडं
आपण जास्तीचं देतो."
पान फाडून तिनं माझ्या हातात दिलं.
मी घडी करून डब्याच्या तळाशी ठेवलं,
कधीतरी भांडायला कामी पडेल.

माघातली पुनव गुरुवारी आली.
पाळी सुटली तेव्हा कापसाच्या गंजीमागून
चंद्र वर निघत होता,
गंजी कुठं संपते अन् तो कुठं सुरू होतो, कळेना.
मी चप्पल हातात घेतली, सांदवाडीतून आत शिरले.
ती अंगणात, बाजेवर.
लुगड्याच्या काठातले धागे मोजता यावेत
इतका उजेड.

"कोण, करुणा?"
"हो जी."
"चंद्र दिसला काय वं?"

मी मान वर केली.
तो निंबाच्या फांदीला टेकून
सरळ माझ्याकडंच बघत होता.
"नाही जी," मी म्हटलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
पलीकडं दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
रेचे सुरू झाल्याचा आवाज आला.
"मलेबी नाही दिसून राहिला," ती म्हणाली.
"मोतीबिंदू पिकला वाट्टे.
उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले
तेव्हा लाइन गेलेली होती.
वांगी सपरीत ठेवली,
पाचशेच्या दोन, शंभराच्या दोन तिच्या हातात दिल्या.
तिनं एकेक चांदण्याकडं धरली
आणि शंभराची एक परत केली.
"हे बदलून दे. चष्म्याच्या काडीवर
शाईचा ठिपका हाय."

डब्यातून दुसरी काढताना
श्रावस्तीचं गणित बोटांना लागलं.
ते खाली सारलं, वर नोट ठेवली ठिपक्याची.
ती किराणावाला घेतो.